घरच्या घरी मऊ आणि चवदार कलेजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे मुख्यतः बोकडाच्या कलेजीचा विचार केला आहे. कोंबडीच्या कलेजीसाठी कृती किंवा काळजी वेगळी असेल, तेथे तसा उल्लेख केला आहे.

कलेजी चिवट किंवा भुसभुशीत का होते?

जवळजवळ नेहमी एकाच कारणाने : ती गरजेपेक्षा जास्त वेळ शिजवली जाते. मटणाच्या मांडीच्या किंवा खांद्याच्या मांसात स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट तंतू बरेच असतात. मंद आचेवर तासभर शिजल्यावर ते विरघळतात आणि मांस मऊ पडते. कलेजीत असे तंतू फारच थोडे असल्यामुळे शिजून मऊ होण्यासारखे तिच्यात काही नसते. ती मुळातच मऊ असते आणि आच लागली की तिच्यातील प्रथिने आकसू लागतात, आतील पाणी बाहेर पडते, आणि हे जितके लांबेल तितकी ती कोरडी होते. ‘अजून दहा मिनिटे राहू दे, मऊ होईल’ हा मटणाचा हिशेब कलेजीला लावला की ती आधी चिवट होते, मग रवाळ होते आणि तिचा उग्र वासही वाढतो. स्वयंपाकाच्या दृष्टीने कलेजी मटणापेक्षा मासळीच्या जवळची आहे. पापलेटाची तुकडी तव्यावर किती वेळ ठेवायची याचा अंदाज ज्याच्या हाताला आहे, त्याला कलेजी जमायला वेळ लागत नाही.

खाटकाकडून कलेजी घेताना काय पाहावे?

रंग एकसारखा गडद तांबूस किंवा तपकिरी असावा, पृष्ठभाग ओलसर व चकचकीत असावा, आणि बोटाने दाबल्यावर खळगा न राहता मांस पुन्हा वर यावे. कोवळ्या बोकडाच्या कलेजीचा रंग थोडा फिकट असतो आणि चवही सौम्य असते. आंबट वास, चिकट बुळबुळीत थर किंवा सुकून काळपट पडलेल्या कडा दिसल्या तर ती कलेजी घेऊ नये. पाण्याने भरलेले पांढरट फोड, कडक गाठी किंवा खडूसारखे पांढरे ठिपके दिसले तर ते जंतांच्या प्रादुर्भावाचे लक्षण असू शकते. अशा वेळी तेवढा भाग कापून उरलेला वापरण्यापेक्षा अख्खी कलेजी नाकारणे शहाणपणाचे. म्हणूनच शक्य असेल तेव्हा आधीच तुकडे केलेली कलेजी न घेता अखंड कलेजी पाहावी आणि आपल्यासमोर कापून घ्यावी.

मध्यम आकाराच्या एका बोकडामागे कलेजी साधारण ३०० ते ५०० ग्रॅमच निघते आणि तीतलेही चार तुकडे ‘मटणात टाका’ म्हणणाऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना जातात. रविवारी दहानंतर गेल्यास ती मिळण्याची आशा फारशी ठेवू नये. आदल्या दिवशी सांगून ठेवणे बरे.

कलेजी धुवावी का? उग्र वास कसा घालवावा?

धुवावी, पण नळाच्या धारेखाली नाही. विशेषतः कोंबडीच्या कलेजीचे पाणी आजूबाजूला उडाले की त्यातील जिवाणू ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात. खोलगट पातेल्यात थंड पाणी घेऊन त्यात तुकडे हलक्या हाताने फिरवावेत आणि पाणी बदलून पुन्हा एकदा तेच करावे. गरम पाणी वापरू नये, कारण त्याने बाहेरची बाजू लगेच पांढरी पडते आणि आतील रक्त आतच राहते.

उग्र वासाचा मोठा भाग साकळलेल्या रक्तातून येतो. ते काढण्यासाठी तुकडे अर्धा ते एक तास दुधात बुडवून ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि तिचा उपयोगही होतो; दूध गुलाबीसर होते, चव सौम्य होते. मांसाला दूध लावणे ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी पातळ ताक किंवा किंचित मीठ आणि हळद घातलेले थंड पाणी वापरावे, फरक फार पडत नाही. लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये मात्र कलेजी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. आंबटाने बाहेरचा थर आधीच शिजल्यासारखा होतो आणि खाताना पिठूळ लागतो. रात्रभर काहीही लावून ठेवण्याची गरज नाही. कोवळी, ताजी कलेजी असेल तर दोनदा धुणे पुरेसे असते, दुधाचाही खटाटोप नको.

भिजवण्यापेक्षा महत्त्वाची पायरी त्यानंतरची आहे आणि तीच बहुतेक जण गाळतात. तुकडे चाळणीत निथळून स्वच्छ सुती फडक्याने कोरडे टिपून घ्यावेत. ओली कलेजी तव्यावर पडली की भाजली न जाता स्वतःच्या पाण्यात उकडते. करडा रंग, फेस आणि तो नकोसा वास तिथूनच सुरू होतो.

वरचा पापुद्रा काढावाच लागतो का?

बोकडाच्या कलेजीचा काढावा. हा पातळ, पारदर्शक पापुद्रा आचेवर आकसतो, त्यामुळे तुकड्याच्या कडा वळतात आणि तो सगळीकडून सारखा तव्याला टेकत नाही. एका कडेला सुरीच्या टोकाने थोडासा सोडवून बोटांनी ओढला की बराचसा निघून येतो. कलेजी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून थोडी घट्ट केली तर हे काम आणि पुढचे कापणे, दोन्ही सोपे होते. आत पांढरट, नळीसारख्या जाड शिरा दिसतील त्याही कापून टाकाव्यात, कारण त्या कितीही शिजवल्या तरी चावल्या जात नाहीत. कोंबडीच्या कलेजीला फक्त दोन भागांना जोडणारी शीर काढली की झाले.

तुकडे केवढे करावेत?

सगळे सारखे, हे पहिले. जाडी दोन सेंटिमीटरच्या आसपास आणि लांबी-रुंदी तीन सेंटिमीटर असावी. खाटीक घाईत करतो तसे लहानमोठे तुकडे असतील तर लहान वाळून जातात आणि मोठे आत कच्चे राहतात. कोंबडीच्या कलेजीचे फार तर दोन तुकडे करावेत.

बोकडाची कलेजी तव्यावर परतायची तर नेमके काय करावे?

अर्धा किलो कलेजीला अर्धा चमचा हळद, दीड मोठा चमचा आले-लसणाचे वाटण आणि एक चमचा जाडसर कुटलेली मिरी चोळून पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ अजून घालू नये. दरम्यान जाड बुडाच्या तव्यात, बिडाचा असेल तर उत्तमच, दोन मोठे चमचे तेल तापवून दोन मध्यम कांदे बारीक चिरून बदामी रंगावर परतावेत, त्यात कढीपत्त्याची आठ-दहा पाने, दोन चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि दोन चमचे कांदा-लसूण मसाला घालावा, आणि तेल सुटेपर्यंत परतून हा मसाला एका ताटलीत काढून ठेवावा. कलेजीच्या संपूर्ण कृतीत ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. कांदा आणि मसाला यांना पंधरा-वीस मिनिटे लागतात, कलेजीला सात-आठ. दोघांना एकत्र शिजवायला घेतले की एकतर मसाला कच्चा राहतो किंवा कलेजी वाया जाते.

आता त्याच तव्यात आणखी एक मोठा चमचा तेल घालून आच मोठी करावी आणि तेल चांगले तापल्यावर तुकडे एकेक करून, एकमेकांना न चिकटतील असे, एका थरात मांडावेत. अर्धा किलो एका वेळी मावत नसेल तर दोन खेपा कराव्यात. तुकडा तव्यावर पडताच चर्र आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर थांबावे आणि तवा तापू द्यावा. मग दीड मिनिट उलथन्याला हात लावू नये. या वेळात तुकड्याच्या वरच्या बाजूवर लालसर रसाचे बारीक थेंब उगवताना दिसतील. ते दिसू लागले की खालची बाजू खरपूस झालेली असते. तुकडे उलटावेत आणि दुसरी बाजूही तेवढाच वेळ भाजावी. त्यानंतर आच कमी करून काढून ठेवलेला मसाला परत घालावा, दोन-तीन मोठे चमचे गरम पाणी शिंपडावे आणि झाकण ठेवून तीन-चार मिनिटे वाफ काढावी. एक जाड तुकडा कापून पाहावा, शिजला असेल तर चवीपुरते मीठ, अर्ध्या लिंबाचा रस आणि भरपूर कोथिंबीर घालून गॅस बंद करावा. झाकून दोन मिनिटे ठेवले की मीठ आत मुरते.

टोमॅटो घालू नये असे माझे मत आहे. त्याचे पाणी आटेपर्यंत कलेजीला थांबावे लागते आणि थांबणे तिला मानवत नाही. घालायचाच असेल तर तो कांद्याच्या मसाल्यात आधीच पूर्ण आटवून घ्यावा.

मीठ शेवटी का?

मीठ लावून ठेवलेल्या कलेजीला थोड्याच वेळात पाणी सुटते, आणि ते पाणी तव्यावर आले की भाजणे संपते व उकडणे सुरू होते. तुकडे लहान असल्यामुळे शेवटी घातलेले मीठही व्यवस्थित लागते.

कलेजी शिजली हे कसे ओळखावे? आत थोडी गुलाबी राहिली तर चालते का?

सर्वांत जाड तुकडा मधोमध कापावा. आत लाल, जेलीसारखा चकाकणारा भाग नसावा, रंग सगळीकडे फिकट तपकिरी असावा आणि दाबल्यावर निघणारा रस रक्ताळ नसून स्वच्छ असावा. स्वयंपाकाचा तापमापक असेल तर बोकड, मेंढी आणि डुकराच्या कलेजीसाठी मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस आणि कोंबडीच्या कलेजीसाठी ७४ अंश ही मर्यादा पाळावी. तापमान या आकड्याला पोहोचले की उतरवावे. कलेजी मऊ राहते ती याच टप्प्यावर, पुढच्या दहा मिनिटांत नाही.

कोंबडीच्या कलेजीच्या बाबतीत गुलाबी मध्य अजिबात चालवून घेऊ नये. पोटाचे विकार घडवणारे कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू तिच्या केवळ पृष्ठभागावर नव्हे तर आतही असू शकतात, त्यामुळे बाहेरून खरपूस झाली म्हणजे भागले असे होत नाही. डुकराची कलेजी अर्धी कच्ची खाल्ल्याने हिपॅटायटिस ई या कावीळ करणाऱ्या विषाणूची बाधा होऊ शकते. तीही पूर्ण शिजवावी.

मटणाच्या रश्श्यात कलेजीचे तुकडे घालायचे असतील तर? कुकर लावला तर चालेल का?

मटणाबरोबर कुकरला लावू नये. चार-पाच शिट्ट्यांनी मटण मऊ होईल, पण कलेजीचे खडे होतील आणि रस्सा करडट, गढूळ दिसेल. तुकडे बाजूला काढून ठेवावेत, तेलावर एक-दोन मिनिटे परतून घ्यावेत आणि मटण शिजून रश्श्याला उकळी आल्यावर शेवटची पाच-सहा मिनिटे त्यात सोडावेत. रश्श्याची चव कलेजीत उतरते आणि ताटात आलेला तो तुकडा खरोखर वाट पाहण्यासारखा असतो.

कोंबडीची कलेजी आणि पेटा एकत्र शिजवल्यावर पेटा चिवट का राहतो?

कारण ते दोन अगदी वेगळ्या जातीचे अवयव आहेत. पेटा म्हणजे कोंबडीचे दाणे दळणारा घट्ट स्नायू. त्याला मटणासारखाच वेळ लागतो. आधी पेट्याचे आतील पिवळे, जाड अस्तर निघाले आहे का ते पाहावे, मग थोडे पाणी, हळद, मीठ घालून कुकरमध्ये चार शिट्ट्या कराव्यात किंवा झाकून पाऊण तास शिजवावे. तो बोटाने दाबला जाऊ लागला की मसाल्यात घालावा, आणि कलेजी शेवटच्या सात-आठ मिनिटांत, रस जवळजवळ आटल्यावर. मुंबईच्या पारशी घरांतील आलेटी-पालेटी ही कोंबडीच्या कलेजी-पेट्याचीच कांद्याच्या मसाल्यातील डिश आहे आणि तिथेही पेटा आधी, कलेजी नंतर, हाच क्रम लागू पडतो.

कलेजी कडू का लागते?

बहुतेक वेळा पित्तामुळे. कोंबडीच्या कलेजीला लागून पित्ताची लहान हिरवी पिशवी असते. ती काढताना फुटली तर आजूबाजूच्या भागावर हिरवट-पिवळा डाग पडतो. हा डाग धुऊन जात नाही, तेवढा भाग थोड्या अंतराने कापून टाकावा लागतो, नाहीतर एक तुकडा सगळे पातेले कडवट करतो. बोकडाच्या कलेजीतही अशी हिरवी छटा दिसली तर हेच करावे. डाग नसूनही कडवटपणा आला असेल तर लसूण किंवा कोरडा मसाला तेलात करपला असण्याचा संभव जास्त.

कोणता मसाला चांगला?

कलेजीची स्वतःची चव ठळक, किंचित गोडसर असते, म्हणून तिला दाबून टाकणाऱ्या मसाल्यापेक्षा तिच्याशी जुळणारा मसाला निवडावा. मिरी, लसूण आणि काहीतरी आंबट या तीन गोष्टी जमल्या की बाकीचे घरच्या सवयीवर सोडावे. कोल्हापूरकडे कांदा-लसूण मसाला पुरतो. मालवणी मसाला वापरत असाल तर लिंबाऐवजी दोन-तीन आमसुले घालून पाहावीत, मात्र ती मसाल्यातच उकळून घ्यावीत. आले, लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर कोथिंबिरीचे हिरवे वाटण तर कलेजीला फारच मानवते आणि घाईच्या दिवशी तेवढेच पुरे होते. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे दाट वाटण मात्र मला कलेजीला जड वाटते. ते मटणालाच शोभते. विकतचा गरम मसाला मुठीने घालून वास झाकण्याचा प्रयत्न करू नये, वास झाकला जात नाही आणि चव जाते.

बकरी ईदला अनेक मुस्लिम घरांत कुर्बानीनंतर सर्वांत आधी कलेजीच चुलीवर चढते, कारण बाकीचे मांस वाटून, साफ होऊन शिजेपर्यंत दुपार होते आणि कलेजी लगेच ताटात येते. तेथील साधी कृती, आले-लसूण, मिरी, थोडे दही किंवा लिंबू आणि मोठी आच, ताज्या कलेजीसाठी अनुकरणीय आहे.

गोव्याच्या सोरपोतेलात कलेजी बराच वेळ शिजते, तरी ती वाईट का लागत नाही?

प्रश्न रास्त आहे. सोरपोतेलात डुकराचे मांस आणि कलेजी आधी उकडून अगदी बारीक, चण्याच्या डाळीपेक्षा थोडे मोठे असे तुकडे करतात, ते चरबीत परततात आणि मग व्हिनेगरमध्ये वाटलेल्या लाल मसाल्यात शिजवतात. कलेजी घट्ट होतेच, पण तुकडा इतका लहान आणि चरबीने व आंबट रश्श्याने इतका माखलेला असतो की कोरडेपणा जिभेला जाणवत नाही. उलट रस्सा दाट होतो. व्हिनेगरमुळे तो मुरतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सान्नांबरोबर (तांदळाच्या इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाबरोबर) अधिक चांगला लागतो. तव्यावरच्या कलेजीला यातले काहीच लागू पडत नाही.

घरातील मुलांना किंवा नवख्यांना चव उग्र वाटते. काय करावे?

कोंबडीच्या कलेजीपासून सुरुवात करावी. ती मऊ आणि सौम्य असते. खिम्यात चौथ्या हिश्शाइतकी बारीक चिरलेली कलेजी शेवटच्या पाच-सहा मिनिटांत मिसळली तर ती वेगळी ओळखूही येत नाही आणि खिम्याला दाटपणा येतो. दुसरा उपाय म्हणजे तुकड्यांना मिरी आणि तांदळाच्या पिठाचा पातळ हात लावून तेलात खरपूस तळावे व गरम असतानाच वाढावे. थंड झालेली कलेजी पहिल्यांदा खाणाऱ्याच्या पुढे कधीही ठेवू नये.

अशक्तपणासाठी कलेजी खावी असे सांगतात, ते कितपत खरे? ती कोणी टाळावी?

१०० ग्रॅम कच्च्या मेंढीच्या किंवा कोंबडीच्या कलेजीत साधारण ७ ते ९ मिलिग्रॅम लोह असते आणि ते शरीरात पालेभाज्यांतील लोहापेक्षा सहज शोषले जाते. जोडीला ब-१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वेही भरपूर असतात. हा केवळ आजीबाईचा सल्ला नाही. मायनट आणि मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी १९२६ मध्ये एका घातक पंडुरोगावर (अ‍ॅनिमियावर) रुग्णांना कलेजी खाऊ घालून उतार पडतो हे दाखवले, आणि १९३४ मध्ये व्हिपल यांच्याबरोबर त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच काळात ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत गिरणी कामगार वस्तीतील गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करत होत्या. यीस्टच्या आणि कलेजीच्या अर्कातील ज्या घटकाने तो बरा होतो असे त्यांना आढळले, तो पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला.

असे असूनही गरोदर स्त्रियांनी आज कलेजी टाळावी असाच सल्ला दिला जातो, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व दिवसाच्या गरजेच्या कित्येक पट असते आणि त्याचा अतिरेक गर्भाला अपायकारक ठरू शकतो. लोह व फोलेटच्या गोळ्या त्यांच्यासाठी अधिक सुरक्षित आहेत. इतर निरोगी माणसांनीही आठवड्यातून एकदा, तेही बेताने, खावी. युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे दुखणाऱ्यांनी ती टाळावी, आणि कोलेस्टेरॉलसाठी औषध चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. कलेजीबरोबर लिंबू पिळल्याने जेवणातील भाजी-भाकरीचे लोहही चांगले शोषले जाते. जेवल्या जेवल्या चहा घेतला तर उलट होते.

कलेजीत शरीरातील सगळी विषे साठलेली असतात का?

यकृत विषारी पदार्थांवर प्रक्रिया करून ते शरीराबाहेर टाकायला मदत करते. ते त्यांचे गोदाम नव्हे. साठवते ते प्रामुख्याने जीवनसत्त्वे, लोह आणि तांबे. जनावराला दिलेल्या औषधांचे किंवा काही जड धातूंचे अंश मात्र तिथे राहू शकतात, म्हणून आजारी, म्हाताऱ्या जनावराची कलेजी नको आणि कत्तलखान्यात तपासणी होऊन आलेले मांस केव्हाही बरे.

परदेशात बोकडाची कलेजी मिळत नाही. तिच्याऐवजी काय वापरावे?

कोकराची कलेजी सर्वांत जवळची. इंग्लंडात ती दुकानातून पातळ काप करूनच मिळते आणि तिला वर दिलेल्या वेळेच्या निम्माच वेळ लागतो. मोठ्या जनावराची कलेजी चवीला जास्त उग्र असते, तिला दुधात भिजवणे सोडू नये. हलाल मांसाच्या दुकानात आधी सांगून ठेवल्यास बोकडाचीही मिळते.

कलेजी किती दिवस टिकते? उरली तर पुन्हा गरम कशी करावी?

कच्ची कलेजी फ्रीजमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात, झाकलेल्या डब्यात, फार तर दोन दिवस ठेवावी. फ्रीजरमध्ये तीन-चार महिने चालते, पण वितळताना पाणी बरेच सुटते, त्यामुळे ती रात्रभर फ्रीजमध्येच वितळू द्यावी आणि अधिक काळजीने टिपून घ्यावी. शिजवलेली कलेजी तीन दिवसांत संपवावी. मायक्रोवेव्हमध्ये ती चिवट होते व तुकडे फुटून उडतात. उरलेले तुकडे बारीक चिरून, कांदा-मिरचीबरोबर तव्यावर घालून चांगले वाफाळेपर्यंत गरम करावेत आणि त्यावर दोन अंडी फोडून भुर्जी करावी. पावाबरोबर सकाळच्या न्याहारीला ती ताज्या कलेजीइतकीच आवडीने खाल्ली जाते.